टेंडर व्होट

तर झालं असं...

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाचा बुधवार. आमच्या घरी मतदानाला जाणं हा दसऱ्याला सोनं वाटायला जाण्याइतकाच कौटुंबिक कार्यक्रम असतो. आई ठेवणीतली इरकल नेसते, बाबा घोटून दाढी करतात, आणि येताना अमृततुल्यमध्ये चहा-क्रीमरोल. मी आणि बायको आपले मागून. आत मोबाइल नेता येत नाही म्हणून चौघांचे फोन स्कूटरच्या डिकीत टाकले आणि साडेदहाच्या सुमारास रांगेत उभे राहिलो.

बाबांचं मत झालं. मग आईचा नंबर. टेबलामागे बसलेल्या पहिल्या मतदान अधिकाऱ्याने तिचं ओळखपत्र घेतलं, यादीतला अनुक्रमांक शोधला, आणि त्याचं बोट तिथेच थांबलं. त्याने पान जरा जवळ ओढून पुन्हा बघितलं.

"काकू, तुमचं मतदान झालंय."

"कुणाचं?"

"तुमचंच. ही बघा खूण. लाल शाईची."

आईने डावा हात पुढे केला. तर्जनी कोरी. "मग शाई कुठेय?"

तो पोरगा बिचारा पंचविशीतला असेल. पहाटेपासून तिथे बसलेला, मागे पन्नास माणसांची रांग, बाजूला पक्षांचे पोलिंग एजंट माना उंचावून बघतायत. त्याला काय बोलावं सुचेना. "काकू, जरा बाजूला थांबता का? काहीतरी गडबड झालीये. मी बघतो." आणि त्याने पुढच्या माणसाला हात केला.

'बाजूला थांबा' या दोन शब्दांचा अर्थ सरकारी जागेत काय होतो हे तुम्हाआम्हाला चांगलं माहीत आहे. बाजूला थांबलेला माणूस अर्ध्या तासाने कंटाळून घरी जातो.

मी पेटलो. डोक्यात लगेच तो फॉरवर्ड आला. तुम्हालाही आला असणारच, दर निवडणुकीला येतो. यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवून 'चॅलेंज व्होट' मागा, तुमचं मत दुसऱ्याने टाकलं असेल तर 'टेंडर व्होट' मागा, आणि एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर व्होट झाले तर तिथे फेरमतदान होतं. आता यातलं कुठलं कशासाठी होतं ते मला धड आठवेना आणि फोन डिकीत. म्हणून मी सरळ मोठ्या आवाजात ठोकून दिलं, "आम्हाला चॅलेंज व्होट करायचंय!"

आईने माझं मनगट दाबलं. लहानपणी लग्नाच्या पंगतीत मी तिसरी जिलबी मागितली की दाबायची, तस्सं. "तू गप्प बस." मग ती त्या पोराला अगदी शांतपणे म्हणाली, "केंद्राध्यक्षांना बोलवा. मला प्रदत्त मतपत्रिका पाहिजे. टेंडर व्होट."

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. आणि आपल्याकडे शिक्षक म्हणजे जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळ्याला हक्काचा माणूस. मतपेट्यांच्या काळात तिने कितीतरी निवडणुकांना ड्यूटी केलीय. हे मी विसरलो होतो. ती नव्हती विसरली.

केंद्राध्यक्ष आले. मध्यमवयीन, चष्मेवाले. आधी तेही म्हणाले, "काकू, कशाला त्रास? आता मशीनवर तर काही करता येणार नाही." आई म्हणाली, "मशीनवर मागतच नाहीये मी." त्यांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं, मग पिशवीतून हस्तपुस्तिका काढली, पानं उलटली आणि त्यांचा सूरच बदलला. तिला नाव, बाबांचं नाव, वय, पत्ता विचारला, ओळखपत्राशी ताडून पाहिला. एका छापील तक्त्यावर तिची सही घेतली. त्या तक्त्यावर तिची ओळ पहिलीच होती. मग तिला एक कागदी मतपत्रिका दिली आणि फुलीचा शिक्का. आई आडोशाला गेली, शिक्का मारला, घडी घालून पत्रिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती एका वेगळ्या पाकिटात ठेवली.

सगळं मिळून वीसेक मिनिटं. मधल्या वेळात मी आणि बायको मत देऊन मोकळे झालो होतो.

बाहेर आल्यावर चहा पिताना मी डिकीतून काढलेल्या फोनवर पहिलं काम केलं ते हा टेंडर व्होट म्हणजे नक्की काय ते वाचायचं. आणि वाचलं तसा माझा चहा गार झाला.

"आई, हे मत मोजतच नाहीत!"

"माहितीये मला."

"म्हणजे? मतमोजणीच्या दिवशी ते पाकीट उघडतसुद्धा नाहीत. कोर्टाने सांगितलं तरच."

"अरे, माहितीये."

"मग एवढा वेळ कशाला घालवलास?"

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत मी ती कधीच ऐकली नव्हती.

१९९५ ची विधानसभा. तालुक्याच्या गावी एका केंद्रावर ती मतदान अधिकारी होती. दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, डोक्याला मुंडासं, चालत आलेले. यादीत बघितलं तर त्यांचं मत आधीच पडलेलं. केंद्राध्यक्ष म्हणाले, बाबा, झालंय तुमचं, जा घरी. म्हातारबाबा म्हणाले, मी तर आत्ता येतोय. दोन-तीनदा तेच तेच बोलणं झालं. मग ते हात जोडून निघून गेले.

"प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं," आई म्हणाली, "अशा माणसाला वेगळी मतपत्रिका द्यायची. मला ते आठवत होतं. पण साहेबांसमोर कसं बोलायचं म्हणून मी बोलले नाही. तो माणूस हात जोडून गेला, आणि कागदावर त्याचं सगळं व्यवस्थित. मत दिलेलं, खूण केलेली. तो आला होता आणि परत गेला हे कुठ्ठेच लिहिलेलं नाही."

मग कपातला चहा संपवून ती म्हणाली, "माझं लिहिलंय."

*

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे हे 'लिहिलंय' मला जरा उशिरा, पण नीट कळलं. आमच्याकडे सिस्टिममध्ये काही बिघडलं आणि लॉगमध्ये त्याची नोंद नसली, तर तो बिघाड झालाच नाही असं धरलं जातं. ग्राहक कितीही ओरडू दे. आई त्या दिवशी बाजूला थांबून घरी आली असती, तर त्या केंद्राचा हिशेब चोख होता. एक ओळ, एक खूण, एक मत. आता त्या हिशेबात एक ओळ अशी आहे जी सांगते की इथे काहीतरी जुळत नाहीये.

कुणी मुद्दाम केलं का? आईचं म्हणणं, तसंच असेल असं नाही. एका पानावर सारख्या नावाच्या दोन-तीन बायका असतात, घाईत खूण एक ओळ वर-खाली होते. तिने स्वतः ड्यूटी केलेली असल्यामुळे ती टेबलामागच्या माणसांच्या बाजूने जरा जास्तच विचार करते. आम्हाला ते कधी कळलं नाही आणि कळणारही नाही. पण चूक असो की लबाडी, मतदाराने करायची गोष्ट एकच आहे.

त्या फॉरवर्डचीही मग मी चिरफाड केली. तीन दावे, त्यातला एक खरा, दोन खोटे. असले मेसेज याच प्रमाणात कालवलेले असतात, म्हणून तर ते पचतात.

खरा दावा टेंडर व्होटचा. निवडणूक संचालन नियम १९६१ मधला ४९-पी हा नियम. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल आणि तुम्ही तुमची ओळख पटवून दिलीत, तर तुम्हाला प्रदत्त मतपत्रिका देणं केंद्राध्यक्षावर बंधनकारक आहे. ती मेहेरबानी नाही. फक्त यंत्रावर मत देता येत नाही, कागदावर द्यावं लागतं.

खोटा दावा पहिला, चॅलेंज व्होटचा. यादीत नाव नसेल तर जगातलं कुठलंही कार्ड दाखवून मत देता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम ६२ सरळ सांगतं की ज्याचं नाव यादीत नाही त्याला मताचा अधिकार नाही. चॅलेंज व्होट, म्हणजे आक्षेपित मत, ही बरोब्बर उलटी गोष्ट आहे. तिथे आक्षेप तुम्ही घेत नाही, तुमच्यावर घेतला जातो. 'हा माणूस तो नव्हेच' असं पोलिंग एजंट म्हणू शकतो. त्यासाठी त्याला केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये अनामत भरावी लागते (हो, दोन रुपये!), मग तिथल्या तिथे चौकशी होते आणि तुम्ही खरे ठरलात तर तुम्ही मत देता. म्हणजे मी त्या दिवशी छाती काढून जे मागत होतो, ते 'माझ्या आईवर संशय घ्या' असं होतं :-)

खोटा दावा दुसरा, १४ टक्के आणि फेरमतदान. असा कुठलाही नियम नाही.

मग ते पाकीट कधी उघडतं? निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. उमेदवारालाच नाही, त्या मतदारसंघातल्या कुठल्याही मतदाराला. अशा याचिकेत फरक अगदी थोडा असेल तर ही बंद पाकिटं महत्त्वाची होतात. 'थोडा' म्हणजे किती? राजस्थानात २००८ च्या विधानसभेला नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मताने हरले. एका! त्या निवडणुकीतल्या टेंडर व्होटांचा वाद २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेला उत्तर-पश्चिम मुंबईत फरक होता ४८ मतांचा, आणि तिथल्या याचिकेतही टेंडर व्होटांचा मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालयाने ती याचिका डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. कोण बरोबर, कोण चूक हा माझा विषय नाही. माझा विषय एवढाच, की त्या केंद्रांवर ज्यांनी कागद मागून घेतला त्यांची मतं निदान वादात तरी होती. जे हात जोडून घरी गेले ते कुठेच नव्हते.

*

आता थोडं माझ्याबद्दल. कारण आईची गोष्ट सांगून मी शहाणा ठरत नाही.

१७ एप्रिल २०१४, लोकसभा. मी पुण्यात हातात मतदार ओळखपत्र घेऊन गेलो आणि यादीत माझं नावच नव्हतं. त्या वर्षी पुण्यात आणि पुढच्या आठवड्यात मुंबईत हे पुष्कळ लोकांच्या बाबतीत झालं, भरपूर आरडाओरडा झाला, निवडणूक आयोगाकडून खेदही व्यक्त झाला. मीही त्या आरडाओरड्यात होतो. "हे कार्ड सरकारनेच दिलंय ना? मग मी भारताचा नागरिक नाही का?" वगैरे. समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "कार्ड बरोबर आहे हो, नाव नाहीये."

तेव्हा मला ते वाक्य अत्यंत मूर्खपणाचं वाटलं होतं. आता वाटतं, मतदाराचा अख्खा कायदा त्या बाईंनी सहा शब्दांत सांगितला होता.

कार्ड हा हक्क नाही. कार्ड म्हणजे 'तो मीच' हे दाखवायचा कागद. ते घरी विसरलं तरी आधार, पॅन, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स यांपैकी काहीही चालतं. (घरपोच येणारी मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून एकटी चालत नाही.) हक्क असतो तो यादीतल्या ओळीत. आमच्या भाषेत सांगायचं तर कार्ड ही कधीतरी काढलेली प्रिंटआउट आहे आणि यादी हा चालू डेटाबेस. डेटाबेसमधली ओळ उडाली तरी तुमच्या पाकिटातली प्रिंटआउट काही बदलत नाही. ती आपली तशीच, फोटोसकट, विश्वासाने तुमच्याकडे बघत असते.

आणि या डेटाबेसलाही आमच्यासारखाच कोड फ्रीझ असतो. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख गेली की ती निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत नाव घालता येत नाही, काढता येत नाही. म्हणजे मतदानाच्या दिवशी तुम्ही केंद्रावर कितीही भांडा, ज्याच्याशी भांडताय त्या माणसाच्या हातात तुमचं नाव घालायचा अधिकारच नसतो. मी २०१४ मध्ये चुकीच्या दिवशी चुकीच्या माणसाशी भांडत होतो. योग्य दिवस दोन महिने आधी येऊन गेला होता आणि त्या दिवशी बहुधा मी वीकएंड रिलीज करत होतो.

माझं नाव का गेलं? मी भाड्याची घरं बदलत होतो. नाव जुन्या पत्त्यावर. तिथे कुणी चौकशीला आलं असेल, कुणीतरी 'ते इथे राहत नाहीत' म्हटलं असेल. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चं कलम २२ म्हणतं की मृत्यूचं कारण सोडलं तर नाव काढण्याआधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. मला ती मिळाली नाही. पण नोटीस आली असती तरी ती जुन्याच पत्त्यावर गेली असती हेही तितकंच खरं. यादीत नाव नेमकं कुठे असावं, तर जिथे तुम्ही 'सामान्यतः राहता' तिथे. नुसतं तिथे वडिलोपार्जित घर आहे एवढ्याने भागत नाही. आपल्या पिढीचा घोळ इथेच आहे. राहतो हिंजवडीला, नाव सांगलीला, मन अमेरिकेला.

बरं, नाव कापलं जाण्यावर इलाज नाही असं नाही. नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयावर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, त्यांच्या निर्णयावर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. पण अपील करायला आधी नाव कापलंय हे कळलं तर पाहिजे ना! बिहारमध्ये २०२५ साली मतदार यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं. १ ऑगस्टला मसुदा यादी आली तेव्हा आधीच्या यादीतली सुमारे ६५ लाख नावं तिच्यात नव्हती. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला तो हाच, की ही नावं कारणासकट जाहीर करा, लोकांना शोधता येतील अशी. त्या पुनरीक्षणावर मतमतांतरं पुष्कळ आहेत, पण मला त्यातली ही एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नाव काढलं, हे त्या माणसाला कळणं हाच हक्काचा अर्धा भाग आहे. पुढच्या टप्प्यात गोव्यासह बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश त्यात आले. म्हणजे 'बिहारमधलं काहीतरी' म्हणून सोडून द्यायची ही बाब नव्हे.

*

त्या दिवसापासून मी जे करतो ते सांगतो. फार नाही, वर्षातून दहा मिनिटं.

२५ जानेवारीला फोनवर रिमाइंडर लावलाय. १९५० साली याच तारखेला निवडणूक आयोग स्थापन झाला आणि २०११ पासून हा राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळतात. मला आपली लक्षात राहायला सोपी म्हणून ही तारीख. त्या दिवशी आयोगाच्या मतदार पोर्टलवर घरातल्या चौघांची नावं शोधायची. ओळखपत्र क्रमांक टाकला की ओळ दिसते. दिसली तर छान. नाही दिसली तर हातात वेळ असतो. ज्यांना इंटरनेटचा कंटाळा त्यांना १९५० हा फोन नंबर आहे.

फॉर्मांचा गोंधळ आता पूर्वीइतका नाही. नवीन नाव घालायला ६ नंबर. पत्ता बदलला, नावात चूक आहे, कार्ड हरवलं, या सगळ्याला ८ नंबर. २०२२ पर्यंत दुसऱ्या मतदारसंघात गेलं की नव्याने ६ नंबर भरावा लागायचा, आता ८ नंबरनेच नाव हलतं. दुसऱ्याचं नाव काढायला किंवा त्यावर हरकत घ्यायला ७ नंबर. आजोबा गेले असतील तर त्यांच्यासाठी हा फॉर्म भरा. वाईट वाटतं, पण यादीत उरलेली गेलेल्या माणसाची ओळ म्हणजे कुणीतरी येऊन वापरावी अशी उघडी ठेवलेली खोलीच.

अठरा पूर्ण झालेल्या भाचरांसाठी आता चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. पूर्वी फक्त १ जानेवारी होती आणि फेब्रुवारीत जन्मलेल्या पोरांना जवळजवळ वर्षभर थांबावं लागायचं.

ऑनसाइट असलेल्यांसाठी: भारताचं नागरिकत्व कायम असेल तर पासपोर्टवरच्या पत्त्यावर ६-ए भरून नोंदणी होते, २०११ पासून. मात्र मत द्यायला इथे यावं लागतं.

आणि दोन ठिकाणी नाव ठेवून 'असू दे, काय बिघडतं' म्हणणाऱ्या माझ्या टीममधल्या मित्रांनो, बिघडतं. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी, हा कायदा आहे, आणि फॉर्मवर खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय ती दुसरी रिकामी ओळ पुन्हा उघडी खोलीच की.

मतदानाच्या दिवशीच्या दोनच गोष्टी. एक, त्या दिवशीची सुट्टी भरपगारी असते, खासगी कंपनीतसुद्धा. कलम १३५-बी. न देणाऱ्या मालकाला दंड पाचशे रुपयांपर्यंत आहे (म्हणजे आमच्या कॅन्टीनमधल्या दोन-तीन जेवणांइतका), पण मॅनेजरला मेल लिहिताना कलमाचा आकडा घातला की उत्तर लवकर येतं असा अनुभव आहे. दोन, वेळ संपताना तुम्ही रांगेत असाल तर तुमचं मत घ्यावंच लागतं. गेट बंद झालं तरी रांगेतल्या माणसांना चिठ्ठ्या देतात. रांग सोडू नका.

आणि कुणी 'बाजूला थांबा' म्हणालं, तर थांबा. पण केंद्राध्यक्ष आल्याशिवाय जाऊ नका, आणि काय मागायचं ते नेमक्या नावाने मागा. 'अन्याय, अन्याय' असं ओरडलं की पोलीस येतो. 'प्रदत्त मतपत्रिका' म्हटलं की हस्तपुस्तिका उघडते. एवढाच काय तो फरक माझ्या २०१४ च्या आणि आईच्या २०२४ च्या दिवसात.

*

आमच्या मतदारसंघाचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला. फरक हजारोंचा. याचिका नाही, काही नाही. आईचं पाकीट कुठल्यातरी सीलबंद गठ्ठ्यात पडून राहिलं असेल आणि ते कुणीही उघडलं नसेल. मी तिला एकदा विचारलं, वाईट नाही वाटत? तर म्हणाली, "माझं मत मी दिलं. मोजायचं काम माझं नव्हतं."

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान झालं. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच घेऊन प्रभागांमध्ये वाटतो, त्यामुळे मूळ यादीतली चूक इथेही मागोमाग येते. आईची ओळ जागेवर होती. आम्ही पोर्टलवर आधीच बघितली होती. तरीही टेबलापाशी गेल्यावर तिने चष्मा वर सारला आणि अधिकाऱ्याच्या हातातल्या पानावर वाकून आपल्या ओळीसमोर काही खूण नाही ना, ते डोळ्यांनी तपासलं. समोरच्या बाई जरा वैतागल्या. "आजी, काय बघताय?"

"काही नाही," आई म्हणाली, "कोरी आहे. करा आता खूण."

मग डावा हात पुढे केला.